धोंडोपंतांची वाट : मुरूड ते हिंगणे

गुरुवार – पुण्याहून मुरूड

मुरूड म्हटलं की निम्म्या लोकांना जंजिरा आठवतो. आम्ही निघालो होतो ते दापोली तालुक्यातल्या, हर्णै बंदराशेजारच्या मुरूडला. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेले धोंडो केशव कर्वे तिथले. ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे आंबेतचा पूल, मंडणगड, दापोली असा रस्ता. भादवा संपत आला तरी पाऊस हटला नव्हता आणि आम्हाला तेच हवं होतं. कर्वे भर पावसात मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, तर आपणही ती वाट पावसातच बघायची, हे आईने आधीच ठरवून टाकलं होतं.

आईची थोरली आत्या बालविधवा होती. माझ्या आजोबांनी तिला पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमात पोचवलं. ती तिथे शिकली, मास्तरीण झाली, शेवटपर्यंत स्वतःच्या पगारावर ताठ मानेने जगली. माझ्या आईची शाळेची फी तिनेच भरली. ती कर्व्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आमच्या घरात ते अण्णाच. आता आई सत्तरी ओलांडलेली, मी शाळेत गणित शिकवणारी, आणि गाडी चालवायला माझा भाचा, असे तिघं निघालो.

भाच्याने ताम्हिणीतच विचारलं, "मावशी, एवढं काय होतं त्यांच्यात? आम्हाला शाळेत एवढंच सांगितलं, भारतरत्न, १९५८."

अडचण तिथेच आहे. भारतरत्न मिळालं तेव्हा अण्णा शंभर वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्या नावाने टपाल तिकीटही निघालं, तेही हयातीत. पांढऱ्या दाढीचा, पगडीतला म्हातारा एवढंच चित्र मुलांच्या मनात राहतं आणि माणूस जन्मतःच थोर होता असं वाटायला लागतं. मला जवळचे वाटतात ते किरकोळ अंगाचे, भिडस्त, चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडणारे धोंडोपंत. हा माणूस कुठल्याच अर्थाने असामान्य म्हणून जन्माला आला नव्हता. तो एकेक गोष्ट शिकत, एकेक भीती मागे टाकत मोठा झाला आणि शंभरीपर्यंत थांबला नाही. भाच्याला म्हटलं, तू गाडी चालव, चार दिवस बोलायला भरपूर वेळ आहे.

मुरूडला पोचेपर्यंत अंधारलं. समुद्र दिसला नाही, पण गाज रात्रभर ऐकू येत होती.

शुक्रवार – मुरूड

सकाळी पाऊस उघडला तेव्हा गाव पायी बघितलं. जांभ्याची पाखाडी, दोन्ही अंगांना गडगे, आत माडापोफळीच्या वाड्या. जांभा भिजला की गडद लाल दिसतो आणि त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. आईला हाताला धरून चालावं लागलं. दुर्गादेवीच्या देवळात लाकडी खांबांवरचं कोरीव काम बघत ती बराच वेळ बसून राहिली.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. वाढले मात्र मुरूडला. घरची परिस्थिती बेताची. गावातल्या सोमण गुरुजींनी या पोराला घडवलं. त्या काळी गावात वर्तमानपत्र येणं हीच मोठी गोष्ट. ते देवळात जमलेल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवायचं काम गुरुजींनी शाळकरी धोंडूवर सोपवलं होतं. बुजऱ्या मुलाच्या तोंडी सगळ्या गावासमोर वाचन द्यायचं, हे मला शिक्षक म्हणून फार मोलाचं वाटतं. गुरुजींनी त्याला भाषण करायला लावलं नाही. दुसऱ्याचे शब्द वाचायला दिले, म्हणजे आवाज तेवढा आपला, बाकी जबाबदारी छापणाऱ्याची. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असतात. फळ्याजवळ बोलावलं की त्यांच्या हातातला खडू थरथरतो. त्यांना आधी दुसऱ्याने सोडवलेलं गणित वाचून दाखवायला सांगावं, हे मी अण्णांच्या या गोष्टीवरून उचललं आहे.

पुढे मुंबईत असताना कर्व्यांनी 'मुरूड फंड' उभा केला. गावाबाहेर पोटापाण्याला गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतला थोडा वाटा गावाच्या कामांसाठी द्यायचा, अशी योजना. पैसा मोठा नव्हता, पण दारोदार जाऊन, हिशोब चोख ठेवून, थोडं थोडं गोळा करत राहायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलं ते इथूनच. पुढची साठ-सत्तर वर्षं त्यांनी मुख्यतः हेच केलं.

याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिशी ओलांडलेल्या विधुराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. मागे आईची इच्छा होती, नातेवाइकांचा आग्रह होता. कर्व्यांनी सांगितलं, लग्न करीन तर विधवेशीच. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ ला पुण्यात दोघांचं लग्न झालं. त्याच पुढच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. ज्या गावासाठी फंड उभारला, त्या गावात मग धोंडोपंतांना स्वतःच्या घरी सुखाने राहता येईना, कारण त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या घरच्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी होती.

आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या काकू जेवण वाढता वाढता हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गावाने वाईट वागवलं हो त्यांना. आता त्यांचं स्मारक आहे, पण तेव्हा त्यांच्या आईला काय वाटलं असेल?" आई म्हणाली, "मला नेहमी त्यांच्या आईचंच वाटतं. मुलगा चुकला नाही हे ठाऊक, आणि तरी त्याच्या पंगतीला बसायची चोरी." दोघी त्यावर बराच वेळ बोलत राहिल्या. बहिष्काराला बहिष्काराने उत्तर देण्याइतका राग कर्व्यांकडे असायला हवा होता, असं भाच्याचं मत. मला तसं वाटत नाही. राग धरला असता तर तो सगळा मुरूडमध्येच खर्च झाला असता. त्यांनी तो कामाकडे वळवला आणि म्हणूनच आमच्या आत्याला दार उघडं मिळालं.

संध्याकाळी हर्णैला जाऊन आलो. सुवर्णदुर्ग पावसाच्या पडद्याआड, निम्माच दिसला.

शनिवार – खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट

खेडच्या बाजूने निघालो. शेरवलीला नुसतं उतरून पाहिलं, हळवं भात पोटरीला आलेलं होतं, पाच-दहा मिनिटांत पुढे निघालो. चिपळूणला चहा घेऊन पोफळी गाठली तोवर धुवांधार सुरू झालं.

आता साताऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. मराठी सहावीनंतरची सरकारी परीक्षा पास झाली की शाळेत किंवा कचेरीत नोकरी लागण्याची वाट मोकळी व्हायची. १८७५ साली, सतराव्या वर्षी, धोंडू आणि त्याचे काही सोबती या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. अंतर ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पाऊस मुसळधार, मध्ये सह्याद्री, आणि परीक्षेची तारीख ठरलेली.

मुरूडहून साताऱ्याला जायचं तर कुठला तरी घाट चढावाच लागतो. आम्ही कुंभार्ली धरला. मध्यावर गाडी एका रुंद वळणाला लावली आणि मी व भाचा तासभर चाललो. आई गाडीत काचा लावून बसली. आता डांबरी रस्ता आहे, तरी छत्री दोनदा उलटी झाली. डाव्या हाताच्या कातळावरून पाणी नुसतं सांडत होतं आणि रस्त्यावरच्या पन्हळीतून जोराने खाली जात होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत बूट भरले. ओला मोजा टाचेला घासायला लागतो तेव्हा आधी काही वाटत नाही, मग चुरचुरतं, मग प्रत्येक पावलाला आपण टाच उचलून टाकायला लागतो आणि चालच बदलते. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. एक एसटी दिवे लावून आमच्या अंगावरून गेली तेव्हा भाचा थांबला आणि म्हणाला, "मावशी, आपण आता एवढंच चाललो. असं दिवसभर. आणि दुसऱ्या दिवशी उठून परत." मी म्हटलं, आणि पाठीवर बोचकं, आणि डोक्यात उजळणी.

या तासाभराने आमचं सगळ्यांचंच बोलणं बदललं. वाचताना '११० मैल' हा आकडा डोळ्याखालून निघून जातो. घाटात तो टाचेला कळतो.

माथ्यावर आल्यावर हेळवाकच्या बाजूला पाऊस निवळला. कोयनेचं धरण कर्व्यांच्या वेळी नव्हतं, त्यामुळे तिथलं त्यांनी पाहिलेलं खोरं आणि आजचं खोरं वेगळं. मुक्काम पाटणला केला. आईने आम्हा दोघांना गरम पाण्याची बादली आणि सुके कपडे तयार ठेवून झापलं, ताप आला तर कोण बघणार म्हणून.

रविवार – सातारा

उंब्रजला हायवे लागला आणि साताऱ्यात पोचायला वेळ लागला नाही. अजिंक्यतारा वर ढगात.

साताऱ्यात कर्व्यांचं काय झालं? परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण असावी लागत आणि ती झाली होती. पण चण लहान, चेहरा कोवळा. परीक्षा घेणाऱ्यांनी बघितलं आणि हा मुलगा सतराचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. एवढं चालून आल्यावर पेपर हातात पडलाच नाही. नापास झालास असं कुणी म्हटलं असतं तरी ते समजून घेता आलं असतं. इथे अभ्यासाचा प्रश्नच आला नाही, चेहऱ्यावरून निकाल लागला. फार मोठा घाव बसला, असं त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे.

राजवाड्याजवळ एका हॉटेलात बसून आम्ही याच्यावर खूप बोललो. सतराव्या वर्षी असं झालं तर मी काय केलं असतं, असं भाचा स्वतःलाच विचारत होता. त्याचं म्हणणं, मी कुणाला तरी दोष देत बसलो असतो, आणि तो दोष खराही असता. मला हे फार पटलं. अन्याय खरा असतो तेव्हाच त्याला कवटाळून बसायचा मोह सगळ्यात मोठा असतो. कर्व्यांवर झालेला अन्याय अगदी खरा होता. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, ते कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. गावात मास्तरकी मिळाली असती, घर चाललं असतं. पण त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. आमच्या वर्गात एखादं मूल एक-दोन वर्षांनी मागे पडलं की आईवडील हवालदिल होतात. कर्वे मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. मध्ये आजारपण झालं, पैशांची ओढाताण झाली, रत्नागिरी झाली, मग मुंबई, तिथे शिकवण्या करून पोट भरणं आणि उरलेल्या वेळात अभ्यास. लग्न तर पंधराव्या वर्षीच झालेलं. १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी. ए. झाले आणि १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. उशिरा सुरू केलेला हा माणूस पुढे १९१४ पर्यंत तिथे प्राध्यापक होता.

गणिताचा माणूस म्हणून मला त्यांच्यात आणखी एक गोष्ट दिसते. उत्तर चुकलं तर ते पायरी तपासतात. विधवाविवाहाची चळवळ त्यांनी १८९३ मध्ये मनापासून हाती घेतली. काही वर्षांत लक्षात आलं की लग्न हा एकेका बाईपुरता उपाय आहे आणि समाज तर त्याला घाबरूनच दार लावतो आहे. शिक्षण दिलं तर ती बाई लग्न करो न करो, स्वतःच्या पायावर उभी राहील. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि मुलींचे पालक बिचकू नयेत म्हणून विधवाविवाहाचा प्रसार करणाऱ्या संस्थेतलं पद सोडलं. सुधारकांनी त्यांना माघार घेणारा म्हटलं, सनातन्यांचा विरोध तर होताच. दोन्हीकडून बोलणी खात त्यांनी आपला निर्णय टिकवला. आईच्या मते हाच त्यांचा सगळ्यात धाडसी निर्णय, लग्नापेक्षाही. मी अजून विचार करते आहे.

रात्री साताऱ्यातच राहिलो.

सोमवार – हिंगणे

खंबाटकी उतरून दुपारपर्यंत पुण्यात. घरी न जाता थेट कर्वेनगर. आज तिथे चारी बाजूंनी इमारती आहेत, पण १९०० साली हे हिंगणे बुद्रुक गावाबाहेरचं माळरान होतं. पुण्यात प्लेग, आश्रमाला गावात जागा मिळेना. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी इथली सहा एकर जमीन दिली आणि तिथे एक झोपडी उभी राहिली. त्या झोपडीची आठवण आवारात जपलेली आहे. आई तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या सांगायची, पावसाळ्यात इथे चिखल इतका की पाय रुतायचे."

त्याच चिखलातून प्राध्यापक कर्वे कॉलेजचं काम आटोपलं की रोज चालत हिंगण्याला यायचे, मुलींना शिकवायचे आणि परत शहरात जायचे. पगारातून जे वाचेल ते आश्रमात. विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बाया फार अस्वस्थ झाल्या होत्या. मुलं लहान, उद्या काय? मला बायांची बाजू पूर्ण पटते. अण्णांच्या थोरपणाचा भार रोजच्या संसारात कुणी उचलला हे सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट सांगू नये. बाया स्वतः आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या, संसारही ओढला.

आणि बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. ऐन तरुणपणी विधवा, अक्षरओळख जेमतेम. हिंगण्याला आली, शिकली, शिकवायला लागली, गावोगाव निधी जमवू लागली. मग इंग्रजी यायला हवं म्हणून १९१८ मध्ये एकटी अमेरिकेला गेली आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिली. पार्वतीबाईंचं हे भाच्याला माहीतच नव्हतं. त्याने तिथेच मोबाइल काढून शोधायला सुरुवात केली.

कर्व्यांचं मन वयाबरोबर कसं रुंदावत गेलं, हे हिंगण्यात नीट दिसतं. सुरुवातीच्या आश्रमात येणाऱ्या मुली मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या होत्या. ही मर्यादा होती आणि ती झाकायचं कारण नाही. १९०७ मध्ये महिला विद्यालय काढून विधवा नसलेल्या मुलींनाही दार उघडलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचनात आली आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी इथेच महिला विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या वर्गात मोजून पाच विद्यार्थिनी. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं म्हणून लोक हसले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. सरकारी मान्यतेला मात्र १९५१ उजाडलं.

१९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हा भिडस्त माणूस जगाच्या फेरीला निघाला. डेन्मार्कमध्ये एल्सिनोर इथल्या शिक्षण परिषदेत इंग्रजीतून भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर बोलला, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटला, अमेरिका करून टोकियोला ते महिला विद्यापीठ स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला. देवळात दुसऱ्यांचे शब्द वाचणाऱ्या मुलाने गाठलेला हा पल्ला सांगताना माझा आवाज चढला आणि भाच्याने मला हळू बोलायची खूण केली.

पुढे १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ. पहिल्या आश्रमाची जी मर्यादा मी वर सांगितली, तिला उत्तर त्यांनी स्वतःच, उशिरा का होईना, दिलं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले तेव्हा एकशे चार वर्षांचे होते.

आवारातून बाहेर पडताना मुलींचे घोळके येत होते. संस्थेचं अभियांत्रिकी कॉलेज १९९१ पासून याच परिसरात आहे. आईने त्यातल्या एकीला थांबवून विचारलं, "काय शिकतेस गं?" ती म्हणाली, "मेकॅनिकल, आजी. तिसरं वर्ष." मग आईने तिला वर्कशॉपमध्ये काय काय करतात, लेथवर मुली एकट्या काम करतात का, किती जणी आहात, सगळं विचारून घेतलं. ती मुलगीही मोकळेपणी सांगत होती. लेथ चालवताना केस बांधून टोपी घालावी लागते, हे तिने हाताने करून दाखवलं. दोघींचं बोलणं संपेना तेव्हा भाचा गाडी काढायला गेला.

घरी जाताना पुढचं ठरलं. या खेपेला कोल्हापूर आणि रत्नागिरी राहून गेलं. दिवाळीच्या सुट्टीत आधी कोल्हापूर करायचं, तिथून आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायचं. भाच्याची अट एकच आहे, आंबा घाटातही तासभर चालायचं, आणि या वेळी आईही छत्री घेऊन बरोबर येणार म्हणते.